तिचे पेशंट आधी जागे होतात

“मग रुक्सानाचेच पेशंट आधी का जागे होतात, मॅडम?”

निनाद घोरपडेने हातातला कागद पुढे केला.

मिरजेतल्या एका इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात तो आणि रुक्साना मुल्ला एकाच दिवशी डॉ. शकुंतला तगारे यांच्या हाताखाली रुजू झाले होते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना झोपवायला तो मिडाझोलाम वापरी, ती डेक्समेडेटोमिडीन. तीन महिने गुपचूप त्याने दोघांचे आकडे मांडले होते. तिचे रुग्ण दोन दिवस आधी जागे होऊन व्हेंटिलेटरवरून मोकळे होत. घरी जाताना नातेवाईक तिलाच शोधत. ते त्याला बघवत नसे.

तिचं औषध देऊन पाहिलंस का, बाईंनी विचारलं.

पाहिलं होतं. दोन पेशंटना दिलं, फरक पडला नाही.

“तिला सोपे पेशंट मिळतात,” तो म्हणाला.



बाई त्याला चार नंबरच्या खाटेपाशी घेऊन गेल्या. तिथे त्याचेच पेशंट शिवलिंग माळी होते, एसटीचे ड्रायव्हर. न्यूमोनिया उतरला होता, तरी सहा दिवस गाढ झोपेत. रुक्साना रोज सकाळी औषध थांबवून रुग्णाजवळ बसते, तू कधी थांबवलंस का, असं बाईंनी विचारलं.

निनादने मान खाली घातली. थांबवलं की पेशंट खोकतो, हातपाय झाडतो. राउंडला सगळ्यांसमोर, तिच्यासमोर, आपला पेशंट शांत दिसावा असं त्याला वाटे.

बाईंनी श्वासाचे आकडे तपासले आणि झोपेच्या औषधाचा पंप बंद केला.

दोघं तिथेच थांबले.

दुपार होत आली तेव्हा माळी खोकले. अलार्म वाजला. निनादचा हात पंपाकडे गेला. बाईंनी त्यावर आपला हात ठेवला.

“थांब.”

खोकला ओसरला. पापण्या हलल्या… उघडल्या. निनादने हात दाबायला सांगितलं. माळींनी दाबला, चांगला घट्ट.

निनादचा चेहरा उजळला आणि त्याने झटकन मागे वळून पाहिलं. रुक्साना पलीकडच्या खाटेशी उभी होती. तिला दिसलं का?

“निनाद,” बाई हळूच म्हणाल्या, “ते तुझ्याकडे बघतायत.”