दौलतमहालाचा उघडा घुमट

दौलतमहाल हॉटेलात शिरलात की आधी मान वर करा. पायाखाली संगमरवर, भिंतींवर सोनेरी वेलबुट्टी, आणि घुमटाची मात्र नुसती कडा उरलेली; मधून आभाळ दिसतं. पावसाचं पाणी थेट दिवाणखान्यात पडतं, पण ते भोक कुणी बुजवत नाही.

असं सांगतात, की हे हॉटेल हैबतराव जहागीरदारानं बांधलं. घुमट बयाजी गवंड्याचा, आणि त्याला लागलेला चुना त्याच्या बायकोनं, धुरपानं मळलेला. गवंड्यांची तेव्हा एक रीत होती. घुमटाखालचे लाकडी टेकू काढताना, ज्यानं तो बांधला त्यानं खाली उभं राहायचं. काम खोटं असेल तर पहिलं डोकं त्याचंच फुटायचं.

चुना अजून ओला होता. पण लाटसाहेब मेजवानीला यायचा होता.

"टेकू काढ," हैबतराव म्हणाला.

"घुमट बसेल, मालक. अजून जीव धरला नाही त्यानं."

मग चाबूक निघाला. पाठीची सालटी निघाली तरी बयाजी टेकूला हात लावीना.

"लई रीतीचा ना तू? बांधा ह्याला, आणि ठेवा मधोमध!"

धुरपानं पदर पसरला. "मालक, माझं कुंकू राखा!" हैबतरावानं तिला लाथेनं उडवलं. शिपायांनी घणानं टेकूंवर घाव घातले आणि अर्धा घुमट खाली आला.

धूळ बसली तेव्हा बयाजीचा हात तेवढा दगडांबाहेर होता. धुरपानं तो धरला. अजून ऊन होता.

बाहेर थांबलेला हैबतराव धावत आत आला. "माझी फरशी फुटली का रे?"

धुरपानं वर पाहिलं. उरलेला अर्धा घुमट एकाच टेकूवर तोलून होता. तिनं घण उचलला.

"हुकूम तुमचा, मालक. खाली उभं राहायचा मानही तुमचाच."

एकच घाव. जहागीरदाराचं रक्त चुन्यात कालवलं जाऊन उंबऱ्याबाहेर ओघळलं. धुरपा त्याच दगडांत उभी होती, पण तिला खडासुद्धा लागला नाही म्हणे. डोक्यापासून पायापर्यंत पांढरीफेक झालेली ती भर चौकातून चालत गेली, आणि शिपायांनी मुकाट वाट दिली. पुढं जितक्यांदा घुमट पुरा करायला घेतला, तितक्यांदा तो ढासळला.

आजही त्या हॉटेलात कमान बांधा नाहीतर गच्ची घाला, टेकू काढताना गवंडी खाली राहत नाही, मालक राहतो. गवंडी विचारतो, "काढू का?"

मालक वर बघतो, ओल न्याहाळतो, आणि बहुतेकदा म्हणतो, "राहू दे अजून आठ दिवस."