शेळीची अर्धी साक्ष

"मोकळं करणं ही चूक आहे का, बुवा? तेवढंच सांगा."

नरहरबुवा मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणाला मोकळं केलंस?"

"घरच्या कॉम्प्युटरला. म्हणजे… तात्यांनाच."

हा निनाद, आमच्या सबनीस तात्यांचा मुलगा. पुण्याला कॉम्प्युटरमध्येच काम करतो, सध्या घरूनच. पोरगा हुशार. फक्त ते त्यालाही ठाऊक आहे.

तात्या म्हणजे जन्मभर कोर्टात मराठी टाइप केलेला माणूस. रिटायर झाले तरी बोटं काही रिटायर झाली नाहीत. घरच्या कॉम्प्युटरवर कोर्टातला एखादा किस्सा टाइप करायचा, छापायचा आणि गुरुवारी मठात येऊन वाचून दाखवायचा, असा त्यांचा नेम. मी इथली स्वैपाकीण, सगळे आक्का म्हणतात. तात्यांचा कागद निघाला की मी भाकरी तव्यावर टाकून बाहेर येते. करपली तर करपली.

पण कितीतरी गुरुवार झाले, तात्या फिरकले नव्हते. शेवटच्या खेपेला त्यांनी शेळीची गोष्ट आणली होती. एका शेळीवर दोघांचा हक्क, दोघंही शपथेवर सांगतात की माझीच. शेवटी न्यायाधीश वैतागून म्हणाले, आणा तिला आत, सोडा मोकळी, बघू कोणाकडे जाते. शेळी कोर्टात शिरली… आणि कागद संपला. "उरलेली पुढच्या गुरुवारी," असं म्हणून तात्या जे गेले ते गेलेच. माझा जीव त्या शेळीत अडकलाय, खोटं कशाला बोलू?

"नीट सांग," बुवा म्हणाले.

"आधीची सिस्टीम जुनी झाली होती. सारखी अडकायची. मी ती काढून लिनक्स टाकलं. फुकट आहे, व्हायरसचा त्रास नाही, कोणाची मालकी नाही. ज्याला हवं त्याने आत काय आहे ते उघडून बघावं, बदलावं. खरं स्वातंत्र्य आहे, बुवा! तुम्ही प्रवचनात सांगता ते हेच."

"असं होय."

बुवांना त्यातलं काय कळलं देव जाणे. मला आपलं एवढंच कळलं, की डबा तोच होता आणि आतला सगळा कारभार बदलला होता.

"तात्यांना विचारलंस?"

"विचारलं की! आधी पेन ड्राइव्हवरून चालवून दाखवलं. आतलं काही न बदलता नुसतं बघता येतं तसं. बघून म्हणाले, छान आहे."

"काय छान आहे म्हणाले?"

"…निळा रंग."

"मग?"

"मग ते भाजी आणायला गेले तेव्हा टाकून दिलं. जुनं पुसलं. त्यांच्या फाइली मात्र जपून बाजूला काढल्या हं. एकही हरवली नाही. ते आल्यावर म्हटलं, तात्या, बसा!"

"बसले?"

"बसले."

"आणि?"

"…उठले."

बुवांनी एक शेंग त्याच्या हातात दिली. त्याने ती तशीच धरून ठेवली.

"का उठले?"

"अक्षरं जागेवर नाहीत म्हणाले. त्यांना टाइपरायटरची सवय ना. ती पद्धत आता जुनी झाली. नवा कळफलक वेगळा असतो आणि तोच बरोबर आहे. मी म्हटलं, तात्या, हा नुसता सवयीचा प्रश्न आहे. रोज थोडा सराव करा, बोटं आपोआप वळतील. समोर अक्षरांचा तक्तासुद्धा चिकटवून दिला."

"आधी लिहिलेलं होतं, ते?"

"ते उघडलं की नुसत्या चित्रविचित्र खुणा दिसतात. त्याचा फॉन्टही जुना. म्हटलं, हळूहळू नव्याने टाइप करून काढा. तेवढाच सराव."

"अगं आई गं!" माझ्या तोंडून निघालंच. बुवांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पदर तोंडाला लावला.

"त्या नव्यात जुना कळफलक चालतच नाही?" बुवांनी विचारलं.

"चालतो की. पाच मिनिटांचं काम आहे. जुना फॉन्टही टाकता येतो."

"मग?"

निनादने हातातली शेंग उगाच फिरवली.

"मग… बदललं कशाला, बुवा? पुन्हा तेच चुकीचं चालू ठेवायचं? शिकायचंच तर माणसाने नीट शिकावं."

बुवा शेंगा सोलत राहिले. टरफलांचा ढीग वाढत होता. 

शेवटी निनादच पुढे सरकला.

"तुम्ही एकदा सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील. घरात बोलणंच टाकलंय त्यांनी. विचारलं तर म्हणतात, आता काही लिहावंसंच वाटत नाही, माझं झालं लिहून. दिवसभर गॅलरीत बसतात. आणि…"

त्याने हातातली शेंग खाली ठेवली.

"आणि त्यांचे हात हलतात, बुवा. दोन्ही. मांडीवर ठेवलेले असतात आणि बोटं हलत राहतात. कंपवाताची सुरुवात असेल. उद्या डॉक्टरकडे नेतोय. मला… मला भीती वाटते."

तोवर मला त्या पोराचा मनस्वी राग आला होता. त्याचा चेहरा बघितला आणि तो निम्मा उतरला. बापावर जीव होता त्याचा, त्यात खोट नव्हती.

बुवांनी सूप बाजूला ठेवलं.

"सगळी बोटं एकदम हलतात?"

"नाही. एकेक."

"आणि अंगठा?"

"अंगठा… मधूनमधून. एकदाच दाबतात. की पुन्हा बोटं सुरू…"

तो बोलता बोलता थांबला.

तात्या भजनाला बसले की अख्खं भजन मांडीवर टाइप करतात, हे मठातल्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे. शब्द संपला की जागा सोडायला अंगठा, शब्द संपला की अंगठा. घरात राहून पोराला ते कधी दिसलं नव्हतं. त्याने आपला अंगठा स्वतःच्या मांडीवर एकदा दाबून पाहिला.

पण शिकलेली माणसं इतक्या लवकर हार मानत नाहीत. मान झटकून म्हणाला, "असेलही. म्हणजे हात चांगले आहेत. मग तर शिकायला काहीच हरकत नाही."

"जेवायची वेळ झाली," बुवा म्हणाले. "चल."

पानं मांडली. दुपारच्या पंगतीला नेहमीची चारपाच माणसं होती. मी पिठलं, भाकरी, कांदा, लसणाची चटणी वाढली. निनादला बुवांनी आपल्या शेजारी बसवून घेतलं. प्रवास करून आलेला, भुकेला होता. हात पानाकडे गेला.

"थांब," बुवा म्हणाले. "डाव्या हाताने जेव."

"काय?"

"उजव्याला जन्मापासून राबवतोयस. आज त्याला मोकळं कर."

पंगतीतल्या सगळ्यांचे घास जागच्या जागी थांबले. आमच्याकडे डावा हात पानाला लागला तर पोराच्या पाठीत धपाटा बसतो, आणि इथे बुवाच सांगतायत! मी पिठल्याची पळी हातात धरून उभीच राहिले.

निनाद हसला. बुवांची परीक्षा असणार, असं त्याला वाटलं असावं. परीक्षा म्हटली की ही हुशार पोरं खूश. उजवा हात त्याने मांडीखाली घेतला आणि डाव्याने भाकरी धरली.

भाकरी तुटेना. एका बाजूने ओढली की अख्खी उचलून यायची. शेवटी एक भलामोठा तुकडा निघाला, तो पिठल्यात बुडाला, वर येईपर्यंत पिठलं मनगटावर. तोंडाशी नेला तो हनुवटीला लागला. एक ओघळ थेट त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

समोरच्या धोंडीमामांना हसू आवरेना. त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि ठसका लावून घेतला.

माझा मात्र जीव तुटत होता. चुलीपुढे बसून घोटलेलं पिठलं ते! अन्नाची अशी चेष्टा मला सहन होत नाही, मग ती बुवांनी केलेली का असेना.

"बुवा, अहो…" मी म्हटलं.

"आक्का, त्याला वाढा अजून," बुवा म्हणाले. आणि निनादकडे वळून अगदी मायेने, लहान पोराला शिकवावं तसं, "काही अवघड नाही. नुसता सवयीचा प्रश्न आहे. रोज थोडा सराव कर. बोटं आपोआप वळतील."

निनादचा हात हवेत थांबला.

त्याने बुवांकडे पाहिलं. बुवांच्या चेहऱ्यावर चेष्टेचं नावही नव्हतं. ते खरंच त्याची बोटं जुळवून देत होते. "हं, हे बोट असं. अंगठा असा. बघ, जमतंय."

त्याने पुन्हा एकदा प्रयत्न केला. या खेपेला कांदा पानाबाहेर उडाला. आता कोणी हसलं नाही, सगळे खाली माना घालून जेवत होते, आणि ते हसण्यापेक्षा वाईट. पोराचे कान लाल झाले.

त्याने हात खाली ठेवला. पान तसंच सरकवलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "मला भूकच नाही."

बुवांनी आपला घास मोडला.

 आपलेच शब्द ऐकून निनाद दचकल्यासारखा झाला. पानाकडे बघत बसला… त्या पानात सगळं होतं. भाकरी होती, पिठलं होतं, काहीही हरवलं नव्हतं.

"लिहावंसंच वाटत नाही म्हणाले," तो हळूच पुटपुटला. कोणाला सांगत होता कोण जाणे.

मग त्याचे डोळे भरून आले. डाव्या हाताला पिठलं आणि उजवा मांडीखाली दाबलेला, त्यामुळे पुसताही येईनात. मला राहवलं नाही. मी पळी ठेवली आणि पदराने त्याचं तोंड पुसलं. माझ्या नातवाच्या वयाचा पोरगा तो.

बुवांनी त्याचा उजवा हात मांडीखालून काढला. भाकरीचा एक तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि त्याच्या त्या हातात ठेवला.

"जेव."

तो जेवला. चांगला पोटभर जेवला, दोनदा पिठलं मागून घेतलं. माझ्या मनातला उरलासुरला रागही तिथेच गेला. 

हात धुऊन त्याने चपला घातल्या. बुवांच्या पाया पडला. "निघतो. घरी जाऊन आधी ते पाच मिनिटांचं काम करतो," एवढंच म्हणाला. बुवांनी मान हलवली आणि पुन्हा शेंगांचं सूप पुढे ओढलं.

मला कुठला धीर! मी म्हटलं, "अरे, जातोयस तर तात्यांना म्हणावं, आक्का शेळीसाठी झुरतायत. ती कोर्टात शिरली आणि तुम्ही पसार!"

"शेळी? कुठली शेळी?"

मी कपाळाला हात लावला. "कमाल आहे बाबा तुझी! तुझ्या बापाने लिहिलेली गोष्ट. तुझ्याच कॉम्प्युटरात आहे ना ती!"

निनाद पायरीवर उभा राहिला. एकही फाइल हरवू दिली नव्हती त्याने. सगळ्या मोजून, जपून, इकडच्या तिकडे नेल्या होत्या.

"मी… त्यातली एकही कधी वाचली नाही," तो म्हणाला.

 बुवांच्या हातातली शेंग तेवढी फुटल्याचा आवाज आला.

निनाद दोन पायऱ्या उतरला. पुन्हा मागे वळला.

"बुवा, त्या शेळीचं पुढे काय झालं?"

बुवांनी शेंगांवरून मान पूर्ण वर केली.

"आम्हाला कुठे ठाऊक, बाळा? आम्हीही वाटच बघतोय."