सुलतानाचं नाव पिणारे दगड

पाय पांघरुणात घ्या आधी, मग सांगते. एक होता सुभेदार, आणि त्याला व्हायचं होतं राजा.

त्याचं नाव मुबारिज. दिल्लीच्या बादशहानं त्याला दख्खन सांभाळायला पाठवलेलं. दिल्ली लांब, बादशहा म्हातारा. मुबारिजला वाटलं, आता मीच सुलतान! मग त्यानं छत्र केलं, नगारा केला, नवं शहर वसवलं. पण नुसत्या छत्रानं कुणी सुलतान होत नाही, बरं का. रीत अशी होती, की शुक्रवारी मोठ्या मशिदीत खतीब, म्हणजे प्रवचन सांगणारे, मिंबरावर चढायचे. मिंबर म्हणजे पायऱ्यांचं उंच आसन. तिथून ते अल्लाचं नाव घ्यायचे, पैगंबरांचं घ्यायचे, आणि शेवटी 'आमच्या न्यायी सुलतानाला सुखी ठेव' असं म्हणून राजाचं नाव घ्यायचे. सगळ्या गावानं ते ऐकलं, की झाला तो राजा.

इथले खतीब होते फखरुद्दीन. त्यांचे आजोबा अरबस्तानातून गलबतात बसून कोकणात उतरले, घाट चढून वर आले आणि इथलेच झाले. हा धर्म इकडे असाच आला बघा. आधी व्यापाऱ्यांच्या गलबतातून, मग फकिरांच्या झोळीतून, आणि मग सुलतानांच्या घोड्यावरून. फखरुद्दीनांचा आवाज तर इतका खणखणीत, की टेकडीवरच्या शेळ्या चरायच्या थांबायच्या.

मुबारिजला भारी घाई. मशीद उभी राहिली, पण मिंबराला दगड पुरेनात. मग शिपायांनी काय केलं? वेशीबाहेरच्या विहिरीचा काठ उचकटला आणि त्याच काळ्या गुळगुळीत दगडांचं मिंबर रचलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

पहिला शुक्रवार आला. फखरुद्दीन मिंबरावर चढले. अल्लाचं नाव खणखणीत, पैगंबरांचं खणखणीत. मग सुलतानाचं नाव घेतलं, तर ओठ हलले आणि आवाजच नाही! लोक एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या शुक्रवारी खतीबसाहेब ज्येष्ठमध चघळून आले. पुन्हा तेच. मोठे मोठे सरदार कुजबुजायला लागले, "याचं राज्य काही देवाला मान्य दिसत नाही."

मुबारिजचे डोळे लाल झाले. "खतीबसाहेब, येत्या शुक्रवारी नाव निघालं नाही, तर तुमची मान राहणार नाही."

बिचारे फखरुद्दीन! मशिदीत येऊन मिंबराच्या पायरीशी टेकले. हात धुऊन आले होते, बोटांवरचं पाणी दगडावर ठिबकलं. आणि सुर्रकन! दगडानं ते पिऊन टाकलं. त्यांनी लोटा ओतला. तोही सुर्र! मग त्यांनी दगडावरून हात फिरवला, तर बोटांना खाचा लागल्या. पोहऱ्याच्या दोरांनी पडतात ना, तसल्या.

ते तडक विहिरीवर गेले. काठ नाही, म्हणून चारी बाजूंची माती आत ढासळलेली. तळाशी नुसता चिखल. तिथे ठकूबाई रिकामी घागर घेऊन बसली होती. तिची जन्मभराची विहीर ती.

फखरुद्दीनांनी तिला सगळं सांगितलं. "दगड नाव गिळतात होय?" ती म्हणाली. "तहान लागली असंल लेकरांना. आमच्या पणजीच्या पणजीपासून पाण्यावर वाढलेत ते. आता आम्हाला बी नदी गाठावी लागते, बाबा."

ही गोष्ट सुलतानाच्या वजिराच्या कानावर गेली. तो मोठा हुशार. तो म्हणाला, "खतीबसाहेब, मिंबर सोडा. खाली जमिनीवर उभे राहा आणि नाव घ्या. मान वाचेल."

फखरुद्दीनांना मोह झाला, का नाही होणार? मान एकच असते. पण रात्रभर त्यांना ती रिकामी घागर दिसत राहिली. 'न्यायी सुलतान' म्हणायचं, आणि तेही अल्लाच्या दारात? छे!

तिसऱ्या शुक्रवारी ते मिंबरावर चढले आणि गप्प उभे राहिले. मुबारिजचा हात तलवारीवर गेला. फखरुद्दीनांनी पाण्याचा लोटा पायरीवर ठेवला. आणि ते म्हणाले, "हुजूर, आधी इथे हात ठेवा. मग माझी मान घ्या."

मुबारिज तणतणत आला. बोटं खाचेत गेली. फखरुद्दीनांनी लोटा ओतला. सुर्र!

"हे विहिरीचे दगड आहेत, हुजूर. तहानलेले आहेत. आणि बाहेरची माणसंही."

मुबारिजची बोटं त्या खाचेतच राहिली. तोही एके काळी साधा शिपाईच होता ना! रणात ओंजळभर पाण्यासाठी रडला होता. त्याला ते आठवलं. त्यानं तलवार खाली ठेवली, वरचा दगड उचलला आणि स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालायला लागला. मग काय! वजीर, सरदार, सगळी मशीद त्याच्या मागे. गाळ उपसला, काठ बांधला. शेवटचा दगड बसला, आणि गुडगुड गुडगुड करत पाणी थेट वर आलं!

ठकूबाईनं पहिली घागर भरली, पण घरी नेली नाही. सुलतानाच्या ओंजळीत ओतली.

तेव्हा फखरुद्दीन विहिरीत वाकले आणि म्हणाले, "अल्ला, आमच्या न्यायी सुलतान मुबारिजशाहाला सुखी ठेव." आणि ऐका! विहिरीनं ते नाव दसपट मोठं करून परत दिलं. सगळ्या शहरानं ऐकलं. टेकडीवरच्या शेळ्यांनीसुद्धा ऐकलं.

मग मशिदीत सागवानी मिंबर आलं, आणि दर शुक्रवारी तिथून सुलतानाचं नाव खणखणीत निघायला लागलं. विहीर काही पुन्हा आटली नाही. तिच्यात भरलं पाणी, आता तुमच्या डोळ्यांत भरू दे झोप. चला, मिटा बघू.