कोपऱ्यातली फट

फळ्या आपसात बोलायच्या आणि माणसांना ते ऐकू येत नसे, त्या काळची ही गोष्ट. दरीच्या तोंडाशी असलेल्या एका घरापुढे बाबल मेस्त्री डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा सज्जा, बांधत होते. भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या मधल्या फळ्या बसल्या होत्या. आता काठाच्या दोघीच उरल्या, थोरली आणि धाकटी. कोपऱ्यावर त्यांची टोकं जुळायची होती. पलीकडे नुसती दरी.

मेस्त्रींनी दोन टोकांमध्ये एक पातळ पाचर ठेवली. "गरमीत ह्यो फळ्यो फुगतत. तेंका अंग पसरूक जागा होयी," असं मालकिणीला सांगून ते जेवायला गेले.

फटीतून वारा घोंघावत वर आला. धाकटीचा थरकाप उडाला. "मला घट्ट धर गं, ताई!"

"सरकू नका!" पाचर ओरडली. पण भ्यालेल्याला ऐकू कुठलं येतंय? थोरलीने रेटा दिला, पाचर निसटून दरीत पडली आणि दोघी एकमेकींना बिलगल्या. मेस्त्री परतले. पाचर आपणच काढली असेल, असं समजून त्यांनी स्क्रू पिळले.

वैशाखात भर दुपारी दोघी फुगू लागल्या.

"ताई, सोड! जीव गुदमरतोय माझा."

"कुठे सरकू? जागाच नाही गं!"

कडाड् आवाज झाला. स्क्रूंसकट उखडून थोरली दरीत गेली.

तिच्या जागी नवी फळी आली, मध्ये फट राखून. तीही थरथरत म्हणाली, "मला जवळ घे ना."

फटीतून धाकटीला तळाशी पडलेली थोरली दिसत होती.

"भीती मलाही वाटते," ती म्हणाली. "पण तिथेच थांब, बाळा. माझ्याकडे सरकू नकोस."