शून्य किमतीचा पलंग

कोल्हापूरच्या शलाकाने आणि निनादने जुन्या व्हॅनमध्ये घरच्या घरी ओटा, बेसिन, पलंग बसवून चाकांवरचं घर केलं होतं. लेक झाली आणि फ्लॅटच्या डिपॉझिटसाठी ते विकायला काढावं लागलं.

जुन्या गाड्यांचे बडे व्यापारी खर्डेकर आले, ते शलाकाने सांगितलेला आकडा ऐकत थेट पलंगावर आडवे झाले. "वहिनी, गाडी बरी हाय. पण हे घरगुती सुतारकाम शून्य किमतीचं. उलट उपटायचा खर्च मी दरातनं कापणार!"

आपण जास्तच मागतोय की काय, अशी शंका शलाकाला भाजीवर कोथिंबीर मागतानाही यायची. तरी कडेवरची लेक सावरत ती म्हणाली, "निनाद, स्क्रू-ड्रायव्हर आण. साहेबांचा खर्च वाचवू, आपणच काढून देऊ सगळं."

निनादने ओट्याचा पहिला स्क्रू फिरवला.

"ओ, थांबा! ओटा राहू द्या की!"

"बरं. मग आधी पलंग काढतो. जरा उठता?"

"पलंगाला कशाला हात लावताय?"

"शून्याला एवढं धरून बसलात, साहेब?" शलाका हसली. "जे जे राहू द्यायचं, त्याची किंमत बोला. नाहीतर उठा."

खर्डेकर उठले नाहीत. पडल्या पडल्याच त्यांनी शलाकाने सांगितलेला आकडा मान्य केला.