दाराकडे तोंड करून बसलेली शलोमी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मात्र विचारू नका, कारण ते विचारलं की गावात दोन तट पडतात आणि गोष्ट राहते बाजूला. नगरकडच्या कोरड्या मुलखात पाथरवाळे नावाचं गाव होतं. गावाच्या कडेला दोर वळणाऱ्यांची वस्ती, आणि वस्तीच्या टोकाला दगडी भिंतींचं, वर पत्रे घातलेलं ख्रिस्ती देऊळ. हो, देऊळच. आमच्याकडे चर्चला देऊळ म्हणतात. कुणाला खटकत असेल तर खटकू द्या.

या वस्तीत शलोमी राहायची. दोर वळण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. दोर वळायला दोन माणसं लागतात. एकाने फिरकी फिरवायची, आणि दुसऱ्याने कमरेला घायपाताच्या वाखाचा, म्हणजे तंतूंचा, पुंजका खोचून, हाताने वाख सोडत सोडत मागे मागे चालायचं. शलोमीचा नवरा लाजार फिरकी फिरवायचा आणि शलोमी मागे चालायची. अशी मागे चालत ती उभ्या आयुष्यात काशीला जाऊन परत आली असती असं म्हणतात. ख्रिस्ती बाई काशीला कशाला जाईल, असं एका शहाण्याने मला मध्येच विचारलं होतं. अशा लोकांना गोष्ट सांगणं म्हणजे डोकं फोडून घेणं आहे.

मग एका वर्षी पटकीची साथ आली. सोमवारी लाजार गेला. गुरुवारी नऊ वर्षांची हन्ना गेली. पुढच्या सोमवारी पाच वर्षांची मार्था गेली. आठ दिवसांत घर रिकामं झालं.

आता वस्तीची एक रीत सांगितली पाहिजे. मयताची पेटी कबरेत उतरवायला दोन दोर लागतात, आणि ते दोर नवे लागतात. एका मयताचे दोर दुसऱ्याला चालत नाहीत. त्या आठवड्यात निम्मी वस्ती अंथरुणाला खिळलेली होती. दोर वळायचे कुणी? तिन्ही वेळा शलोमीनेच वळले. शेजारच्या राहेलने फिरकी फिरवली आणि शलोमी मागे मागे चालत गेली. तिच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नाही असं म्हणतात. राहेल म्हणायची, आला, पण हात मोकळे नसल्यामुळे तिला तो पुसता आला नाही.

त्यानंतर माणसं भेटायला येऊ लागली. भाकरी घेऊन आली, पिठलं घेऊन आली, त्याबद्दल त्यांना कोण नाव ठेवेल? पण प्रत्येक जण उठताना म्हणायचा, "देवाची इच्छा." मोठी माणसं म्हणाली, बायका म्हणाल्या, ज्यांच्या घरात एक कोंबडीसुद्धा मेली नव्हती तेही म्हणाले. देवळात उपासना चालवणारे पाळक मत्तयराव तर दिवसातून दोनदा येऊन म्हणाले. चौथ्या दिवशी शलोमी राहेलला म्हणाली, "आता जो कुनी इच्छा म्हनंल ना, त्याला म्या दाव्यानं खांबाला बांधनार हाय."

रविवार आला. ती देवळात येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. ती आली. नेहमीसारखी डोक्यावर पदर घेऊन आली, बायकांच्या बाजूला पहिल्या ओळीत आपल्या जागी गेली, आणि वेदीकडे पाठ करून खाली बसली.

मत्तयराव थबकले. त्यांना वाटलं बाईला भोवळ आली असावी. पण शलोमी ठणठणीत होती. ती गीतं म्हणत होती, खड्या आवाजात म्हणत होती, फक्त उलट्या बाजूला तोंड करून. पुढे प्रभूची प्रार्थना सुरू झाली. त्या प्रार्थनेत 'तुझी इच्छा पूर्ण होवो' अशा अर्थाची ओळ येते. ती आली तशी शलोमीने ओठ मिटले. ती ओळ गेली, पुढची भाकरीची ओळ आली, आणि तिचा आवाज पुन्हा सगळ्यांच्या वर चढला.

असा एक रविवार झाला, दोन झाले, दहा झाले. सगळ्यात जास्त जीव मेटाकुटीला आला तो बायकांचा. पहिल्या ओळीतली बाई उलटी बसली म्हणजे तिचं तोंड सगळ्यांकडे. उपदेश लांबला की कुणाला डुलकी घ्यायची सोय राहिली नाही, कुणाला शेजारणीच्या लुगड्याबद्दल कुजबुजायची सोय राहिली नाही. शेवटी देवळाचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळींनी तिला सांगितलं, बसायचंच असेल असं, तर सगळ्यांच्या मागे दाराशी बस. शलोमीने आपलं गोणपाट उचललं आणि ती दाराशी जाऊन बसली. आता तिच्यासमोर फक्त उघडं दार, आणि दारातून दिसणारा कबरस्तानाचा रस्ता.

आठवडाभर ती दोर वळायची आणि देवाशी भांडायची. मागे मागे चालता चालता त्याला एकेक गोष्ट विचारायची. फिरकीवर राहेल असायची, म्हणून तर हे आपल्याला कळलं. "लाजारला न्हेलंस ते न्हेलंस. मार्थाला कशापाई? तिला अजून वेनी घालता येत न्हवती. तितं कोन घालतंय तिची वेनी? सांग की. आता का गप?" असं बोलत बोलत ती पीळ घट्ट करत जायची. तिच्या रागाचा पीळ दोरात उतरायचा असं म्हणतात. एकदा एका विहिरीत मोटेसकट दोन बैल आणि तीन माणसं कोसळली, आणि शलोमीच्या करंगळीएवढ्या दोराने ती सगळी एकाच वेळी वर आली. दोराला साधी चीरसुद्धा पडली नाही. आता बैल दोन होते की एक, यावर भांडणारे लोक अजून आहेत. भांडू देत.

तिचा भाऊ भिवा ख्रिस्ती झाला नव्हता. तो बैलगाडी घेऊन आला आणि म्हणाला, "आक्के, चल माज्या घरी. ज्या देवानं तुजं घर धुऊन न्हेलं, त्याच्या दाराशी काय बसलीस? आपला जुना देव काय वाईट व्हता?"

शलोमी म्हणाली, "भिवा, माजं भांडन त्याच्याशी हाय. ते अर्धं टाकून म्या दुसऱ्याच्या घरी जाऊ व्हय? जेव आन् जा."

भिवा जेवला आणि गेला. जाताना त्याने बहिणीला दोन पायली ज्वारी आणि देवाला चार शिव्या दिल्या असं म्हणतात.

अशी सात वर्षं गेली. सात वर्षं मत्तयराव एका पाठीकडे बघत उपदेश करत राहिले. माणूस चांगला होता हो, पण त्याला सगळं जागच्या जागी लागायचं. त्याने तिला समजावलं, विनवलं, एकदा तर हात जोडले. काही उपयोग झाला नाही. मग एका रविवारी वस्तीतल्या चार लहान पोरी उपासनेत पाठ फिरवून बसल्या आणि खुदुखुदू हसू लागल्या. त्यांना तो खेळ वाटला. मत्तयरावांच्या संयमाचा तिथे अंत झाला. त्यांनी वडील मंडळींना बोलावलं आणि ठरवलं, की महिनाभरात शलोमीने वेदीकडे तोंड करावं आणि ती ओळ सगळ्यांबरोबर म्हणावी, नाहीतर देवळाच्या मंडळीच्या वहीतून तिचं नाव काढायचं.

नाव काढलं की प्रभुभोजन, म्हणजे देवळातली भाकर आणि द्राक्षरस, बंद. त्याचं तिला फार वाटलं नसतं, कारण त्यावरून भांडायला ती मोकळीच होती. पण नाव काढलं की मेल्यावर कबरस्तानात जागा नाही. लाजार, हन्ना आणि मार्था यांच्या शेजारी तिने स्वतःपुरती साडेतीन हात जागा ठेवली होती. दर शनिवारी ती तिथलं गवत काढायची. ती जागा जाणार होती.

राहेल रडकुंडीला आली. "आगं, एवढी एक वळ म्हन की. तोंडानं म्हन नुसती. तुजं काय जातंय?"

"म्या त्याच्यावर रागावलेय हे त्याला ठावं हाय," शलोमी म्हणाली. "रागावलेय म्हनून तर येते. त्याच्याच घरात बसून, राग न्हाई असं खोटं बोलाया लागले, तर मंग यायचं कशाला?"

"आन् पोरींच्या शेजारची जागा?"

शलोमीने वाखाचा नवा पुंजका कमरेला खोचला. पण त्या दिवशी तिने वळलेला दोर दोनदा सुटला, आणि असं आधी कधी झालं नव्हतं.

महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला, आणि मत्तयरावांची मुलगी एस्तेर तापाने आजारी पडली. सहा वर्षांची, एकुलती एक. मत्तयराव तीन दिवस तिच्या उशाशी गुडघे टेकून होते. चौथ्या दिवशी सकाळी एस्तेर गेली. आणि माणसं भेटायला येऊ लागली, आणि उठताना प्रत्येक जण म्हणू लागला, "देवाची इच्छा, पाळकसाहेब." मत्तयरावांनीच त्यांना ते शिकवलं होतं. ते मान हलवायचे आणि भिंतीकडे बघायचे.

दुपारी शलोमी आली. तिच्या हातात दोन दोर होते. रविवारी जो माणूस तिचं नाव कापणार होता, त्याच्यासमोर ती उभी राहिली. ती देवाबद्दल अवाक्षर बोलली नाही. तिने दोर पुढे केले आणि म्हणाली, "लेकरू ल्हान हाय. मऊ वळलेत."

मत्तयरावांनी दोर हातात घेतले. एवढा मऊ दोर शलोमीने आधी कधी वळला नव्हता आणि पुढेही वळला नाही असं म्हणतात. तो कापसाचा होता, रेशमाचा होता, असंही म्हणतात. वाखाचाच होता. राहेलने फिरकी फिरवली होती, तिला विचारा.

रविवार आला. देऊळ गच्च भरलं होतं, कारण माणसाला दुसऱ्याचं नाव कापलेलं बघायला आवडतं, हे खोटं असेल तर सांगा. शलोमी आपल्या गोणपाटावर दाराकडे तोंड करून बसली होती. वहीसुद्धा बाहेर काढून ठेवलेली होती. मत्तयराव वेदीपाशी उभे राहिले. त्यांनी पुस्तक उघडलं. तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, आणि मग एकदम वैतागून पुस्तक मिटलं आणि ते खाली उतरले.

ते दोन ओळींच्या मधून चालत दाराकडे निघाले. वडील मंडळी उठून उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता हा बाईला हाताला धरून बाहेर काढणार. मत्तयराव शलोमीजवळ पोचले, आणि वेदीकडे पाठ करून तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

शलोमीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "गोनपाटावर सरका," ती म्हणाली. "फरशी गार हाय."

मत्तयराव सरकले. पुढे पाळक नाही, उपासना अर्धी, लोक एकमेकांची तोंडं बघताहेत. शेवटी शलोमीच करवादली. "बसलाय काय आसं? प्रार्थना म्हना. लोकं खोळंबल्यात."

"मला ती म्हणता येणार नाही," मत्तयराव हळूच म्हणाले. "तू म्हणत नाहीस ती ओळ. मला ती आता म्हणवणार नाही."

"मंग तितं थांबायचं. म्या सात वर्सं थांबतेय. फुडं भाकर मागायची हाय, ती मागायची."

मत्तयरावांनी प्रार्थना सुरू केली. फुटलेल्या आवाजात, दाराकडे तोंड करून. शलोमीचा आवाज त्यांच्या आवाजाला लागून चालला. मागे वळून बघणाऱ्या देवळाला त्या दोघांच्या पाठी दिसत होत्या. ती ओळ आली, आणि दोन्ही पाठी गप्प झाल्या.

आणि मग मागून ती ओळ आली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. आधी राहेलचा आवाज आला असं म्हणतात, मग सगळ्या बायकांचा, मग पुरुषांचा. नाव कापायला उठलेली वडील मंडळीसुद्धा उभ्याउभ्याच म्हणाली. या दोघांना म्हणता येत नव्हती म्हणून अख्ख्या देवळाने ती ओळ म्हटली. पत्रे थरथरले असं म्हणतात. मला ते खरं वाटतं.

आणि त्याच वेळी शलोमीने मान वर केली. ती दारात बघत होती. दारात नुसतं ऊन होतं. पण ती त्या उन्हाकडे बघून, खूप उशीर करून घरी आलेल्या माणसाशी बोलतात तशी बोलली. "आलास व्हय? सात वर्सं माज्या पाठीमागं बसून काय करत व्हतास? हितं ये म्होरं, ये. बस."

आणि ती सरकली. मत्तयरावांना ढकलून सरकली, आणि गोणपाटावर एका माणसापुरती जागा केली.

दारात कोणी होतं का? मला विचारू नका. पांढऱ्या कपड्यांतला माणूस होता असं म्हणतात. त्याच्या खांद्याला हन्ना आणि मार्था होत्या, आणि मार्थाची वेणी घातलेली होती, असंही म्हणतात. लोक शेवटपर्यंत मत्तयरावांना विचारत राहिले. ते एवढंच म्हणायचे, "मी डोळे पुसत होतो. पण जागा कमी पडली होती, हे खरं."

वही त्या दिवशी मिटली ती मिटली. मत्तयराव सहा रविवार दाराशी बसले आणि सातव्या रविवारी उठून वेदीपाशी गेले. शलोमी कधीच उठली नाही. ती पुढे चोवीस वर्षं तशीच बसली, तशीच भांडली, आणि आपल्या साडेतीन हात जागेत गेली. मरताना तिने ती ओळ म्हटली असं काही लोक सांगतात. सांगू देत. लोकांना सगळं गोड झालेलं हवं असतं. राहेल शेवटपर्यंत तिच्याजवळ होती, आणि राहेल म्हणायची, म्हटली नाही.

आजही पाथरवाळ्याच्या देवळात दाराशी एक गोणपाट अंथरलेलं असतं. फाटलं की नवं येतं. ज्याच्या घरी मयत झालं असेल तो तिथे वेदीकडे पाठ करून बसतो. किती रविवार बसायचं ते त्याला कुणी विचारत नाही, आणि देवाची इच्छा असं त्याच्या तोंडावर कुणी म्हणत नाही. प्रार्थनेत ती ओळ आली की तो गप्प राहतो. बाकीचं देऊळ त्याच्यासाठी ती ओळ जरा मोठ्याने म्हणतं, आणि तो गोणपाटावर थोडा सरकून बसतो.