मशीनने दार उघडलं नाही

घरातल्या वस्तूंना अजून वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. पद्माकरने वॉशिंग मशीन आणली आणि गल्लीभर सांगत सुटला, “बायकोच्या हाताला आराम हवा, म्हणून घेतली!” ते ऐकून मशीनला फार बरं वाटलं.

पण थोड्याच दिवसांत सासूबाई हेमलताला म्हणाल्या, “आता धुणं नाही, मग रिकामी कशाला बसतेस? पापडाच्या ऑर्डरी घे.” पुढे नणंदेच्या घरचे कपडेही धुवायला येऊ लागले. हेमलता पहाटेपासून पापड लाटायची, मधेच उठून ओल्या कपड्यांचे ढीग वाळत घालायची. मनगटं सुजली, तरी ती काही बोलायची नाही.

मशीन मात्र संतापाने थरथरू लागली. एके दिवशी पद्माकरचा ठेवणीतला सदरा पोटात घेऊन तिने दार घट्ट मिटलं.

“दार उघड!” पद्माकर ओरडला. “पैसे मोजलेत मी तुझे!”

“बायकोच्या आरामासाठी मोजलेस ना? मग कुठाय तो आराम? दाखव मला!”

“भंगारात घालीन तुला!”

“घाल! पण आधी खोटं बोलायचं थांबव!”

तेवढ्यात हेमलता पिठाच्या हातांनी आली आणि तिने मशीनचं बटण बंद केलं.

“बघ, हिला कळतं,” पद्माकर हसला.

“बाई गं, तू गप्प बस,” हेमलता मशीनला म्हणाली. “माझं भांडण मला भांडू दे.”

मग ती नवऱ्याकडे वळली, आणि तिचा आवाज असा चढला, की बाहेरच्या खोलीत सासूबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला.